कोठडीतली दोस्ती आणि एकट्यासाठी उघडलेलं दार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जाक बेकर या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'ल त्रू' (म्हणजे 'भोक') हा तुरुंग फोडून पळण्यावरचा सिनेमा तुम्ही पाहिलात. त्यातल्या पाच कैद्यांमध्ये जे आहे त्याला मैत्री म्हणायचं, की पळून जाण्यापुरती गरज? त्या पाचांतल्या गास्पारनं शेवटी सगळ्यांना विकलं का? आणि तुरुंगात माणसं खरंच अशी एकमेकांना धरून राहतात का? हे तुम्ही विचारताय, कारण तुम्ही चार कैद्यांवर एकांकिका लिहिलीये आणि दोन तालमींनंतर दिग्दर्शकानं सांगितलंय की यांची दोस्ती खोटी वाटते.

मी सिनेमाची अभ्यासक नाही. बावीस वर्षं फौजदारी वकिली करतेय, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक काम विधी सेवेच्या पॅनेलवरचं, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस. महिन्यातून दोन-तीनदा कारागृहात जाणं होतं. हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा वकिलीला सहा वर्षं झाली होती. नंतर चार वेळा पाहिला. तुरुंगावरचे बरेच सिनेमे मला मधूनच बंद करावेसे वाटतात, कारण त्यात माणसं फार बोलतात. हा तसा नाही. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी हे उत्तर इथेच थांबवून आधी सिनेमा पाहावा, कारण शेवट सांगितल्याशिवाय तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

आधी गोष्ट कुठली आणि कुणाची, ते. पॅरिसमध्ये ला सांते नावाचा तुरुंग आहे, १८६७ पासूनचा. 'सांते' म्हणजे आरोग्य. तिथल्या रस्त्याचं नाव तुरुंगाला चिकटलं. १९४७ साली तिथल्या काही कैद्यांनी कोठडीची जमीन फोडून तळघरातून गटारापर्यंत जायचा प्रयत्न केला. त्यांच्यातल्याच एकानं, जोसे जोव्हानीनं, १९५७ साली त्यावर कादंबरी लिहिली आणि बेकरनं तिच्यावरून १९६० साली सिनेमा केला. सिनेमाच्या सुरुवातीला गाडी दुरुस्त करणारा एक माणूस मान वळवून थेट आपल्याकडे बघतो आणि सांगतो, की माझा मित्र जाक बेकर यानं माझीच खरी गोष्ट जशीच्या तशी मांडली आहे. तो ज्याँ केरोदी. १९४७ च्या त्या प्रयत्नात तो स्वतः होता, आणि सिनेमात पाच कैद्यांपैकी रोलाँची भूमिकाही त्यानंच केली. म्हणजे कुलूप उघडणारे, करवत ओढणारे ते हात अभिनेत्याचे नाहीत. बेकर स्वतः युद्धात जर्मनांच्या कैदेत राहून आलेला होता. सिनेमा लोकांसमोर यायच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारी १९६० मध्ये, तो गेला. वय ५३.

आता एक गोष्ट, जी सिनेमाप्रेमींच्या नजरेतून बहुधा सुटते आणि वकिलाच्या नजरेतून सुटूच शकत नाही. ती पाचही माणसं कच्चे कैदी आहेत. कुणाचाच खटला अजून संपलेला नाही. आपल्याकडे २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत दर चार बंद्यांमागे तिघं असेच, न्यायाधीन. पक्क्या कैद्याला आपली वर्षं माहीत असतात. दहा तर दहा, जन्मठेप तर जन्मठेप. तो बस्तान बसवतो, काम लावून घेतो, कुणाशी दोस्ती करायची आणि कुणापासून लांब राहायचं ते सावकाश ठरवतो. कच्चा कैदी तारखेवर जगतो. आज या तारखेला साक्षीदार आला नाही, पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर, त्यापुढच्या तारखेला सोबतीला पोलीस मिळाले नाहीत म्हणून कोर्टात नेलंच नाही. शेजारी झोपणाऱ्याच्या नावाचा पुकारा उद्या होईल की पाच वर्षांनी, कुणालाच ठाऊक नसतं. अशा ठिकाणी दोस्ती होते ती झटकन होते आणि घट्ट होते, पण ती कायम दाराकडे कान लावून असते. तुमच्या एकांकिकेतले चौघं कच्चे की पक्के, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते ठरवल्याशिवाय पुढचं काही जमायचं नाही.

मैत्री की गरज, हा तुमचा पहिला प्रश्न. मला तो प्रश्नच जरा बाहेरच्या माणसाचा वाटतो. बाहेर आपल्याला गरज नसतानाही कुणाला भेटता येतं, म्हणून गरजेची दोस्ती आपल्याला हलकी वाटते. आत दोन्ही वेगळं काढताच येत नाही. रात्री ताप चढला तर वॉर्डरला हाक मारायला कोणीतरी लागतं. आपण आंघोळीला गेल्यावर आपल्या साबणावर, चादरीवर नजर ठेवायला कोणीतरी लागतं. दोषारोपपत्र वाचून सांगायला, अर्ज लिहायला कोणीतरी लागतं. ते जो करतो, तोच मित्र. तो आवडतो का, हे नंतरचं.

सिनेमात हे सगळं हातांतून दिसतं. काँक्रीट फोडायचा प्रसंग आठवा. पलंगाची लोखंडी दांडी काढलेली आहे. लाकडी फरशी उचललीये, खाली काँक्रीट. कॅमेरा जमिनीकडे बघतोय आणि हलत नाही. जवळपास चार मिनिटं, एकही कट नाही, पार्श्वसंगीत नाही. पहिले कितीतरी घाव नुसते ओरखडे काढतात. मग पांढरी भुकटी, मग टवके, मग एखादं ढेकूळ सुटतं. एकाचे हात भरून आले की दांडी दुसऱ्याच्या हातात जाते. आवाज इतका मोठा की प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो, आता कोणीतरी येणार. इमारतीत दुरुस्तीचं काम चालू आहे, त्या ठोकाठोकीत आपली ठोकाठोक लपेल, एवढ्याच भरवशावर ते चाललंय.

या चार मिनिटांत कोणी कोणाला "मी तुझ्यासाठी जीव देईन" म्हणत नाही. म्हणायची गरजही नाही, कारण दांडी हातात घेणाऱ्या प्रत्येकानं तेवढी शिक्षा स्वतःच्या अंगावर ओढून घेतलेली आहे. घाव घातल्यावर "माझा यात काही संबंध नाही" असं कुणालाच म्हणता येणार नाही. फौजदारी कायद्यात याला आम्ही समान उद्देश म्हणतो. त्यातल्या सगळ्यांना सारखंच धरलं जातं. कायद्याच्या पुस्तकात हे कलम रुक्ष दिसतं, पण कोठडीत त्याचा अर्थ फार जवळचा असतो. तू केलंस ते मी केलं, मी केलं ते तू केलंस.

याच्या उलट बाजूचं काम मला त्याहून मोठं वाटतं. रात्री दोघं खाली तळघरात उतरतात तेव्हा वर राहिलेल्यांनी काय करायचं? रिकाम्या अंथरुणात पुठ्ठ्याच्या खोक्यांची माणसं झोपवायची. दारातल्या भोकातून पहारेकऱ्यानं डोळा लावला तर दोरी ओढून पांघरुणाखालचा पाय हलल्यासारखा दाखवायचा. टूथब्रशच्या दांड्याला आरशाचा तुकडा बांधून तो त्याच भोकातून बाहेर काढायचा आणि गल्लीत कोण येतंय ते बघायचं. खालच्यांना निदान हातपाय हलवायला मिळतात. वरच्यांना नुसतं पडून जागं राहायचं असतं, आणि त्यांना डुलकी लागली तर खालचे संपले. वाळूचं घड्याळही त्यांनी दोन छोट्या बाटल्यांचं केलेलं आहे, कारण तळघरात वेळ कळणार कसा? माझ्या अशिलांनी मला दोस्तीबद्दल जे काही सांगितलंय त्यात मारामारीत पाठीशी उभं राहिल्याचे किस्से थोडे. "तो माझ्यासाठी जागा राहिला" हे वाक्य मात्र मी अनेकदा ऐकलंय. आईच्या मरणाची खबर आल्यावर, जामीन फेटाळल्याच्या रात्री, नवीन आलेल्या पोराच्या पहिल्या रात्री.

खाण्याचा प्रसंगही नीट बघा. बाहेरून कैद्यांसाठी पार्सलं येतात आणि तपासणारा माणूस त्यातला एकेक पदार्थ एकाच सुरीनं कापत जातो. सुरी पुसत नाही. एकाचं लोणी दुसऱ्याच्या मांसाला, त्याचा वास तिसऱ्याच्या गोडाला. हे बघताना मला आपल्याकडच्या फाटकावरची झडती आठवते. आत लपवलेलं काही सापडावं म्हणून ती झडती असते, हे खरं. पण घरच्या माणसानं निगुतीनं बांधून दिलेल्या वस्तूत परक्याचा हात फिरतो तेव्हा आतल्या माणसाला कळतं, की आता आपलं असं काहीच उरलेलं नाही. कोठडीत ते पार्सल पाचजण मिळून खातात, तेव्हा ती वस्तू पुन्हा एकदा कुणाची तरी होते.

इथे एक सावधगिरी. वाटून खाणं म्हणजे बरोबरी, असं लिहू नका. आपल्याकडच्या बराकींत ज्याची घरून मनीऑर्डर येते तो कॅन्टीनमधून फरसाण, बिस्किटं, साबण घेतो, आणि ज्याची येत नाही तो त्याच्याबरोबर बसून खातो. मग तोच त्याची भांडी घासतो, कपडे धुतो, पाणी भरून ठेवतो. मी दोन्ही प्रकार बघितलेत. चार वर्षं एकाच्या मनीऑर्डरवर तिघांनी खाल्लं आणि कुणी कुणाचं ताट उचललं नाही, असेही बघितले. आणि एका पुडीसाठी वर्षभर पाय दाबणारा पोरगाही बघितलाय. 'ल त्रू'मध्ये गास्पारचं पार्सल भरगच्च असतं. तो पाचव्या क्रमांकानं आलेला, सुस्थितीतला, बोलायला मृदू. आपलं खाणं तो मोकळेपणानं पुढे करतो. ते बघून आपल्याला तो आवडतो. पण मला दर वेळी वाटतं, की त्याला देता येत होतं तेवढं त्यानं पहिल्याच दिवशी देऊन टाकलं. बाकीच्या चौघांनी एकमेकांना जे दिलेलं होतं ते पार्सलमध्ये येत नाही.

चौघांचे गुन्हे काय, हे सिनेमा सांगत नाही. गास्पारचा तेवढा कळतो, बायकोच्या खुनाचा प्रयत्न. बाकीच्यांवर जड शिक्षेचे खटले आहेत एवढंच. त्यामुळे आपण त्यांच्या हातांवर, धीरावर, चेष्टामस्करीवर जीव लावून बसतो. ही दिग्दर्शकाची निवड आहे आणि ती सिनेमापुरती योग्यच आहे. पण तुम्ही लिहिणारे आहात म्हणून सांगते, यामागे काय झाकलेलं आहे ते माहीत असू द्या. कादंबरीकार जोव्हानी हा भाबडा माणूस नव्हता. सिनेमातल्या पाचांपैकी मनू त्यानं स्वतःवरून घेतलेला. त्याला १९४८ साली खुनाच्या गुन्ह्यात देहदंडाची शिक्षा झाली होती. राष्ट्राध्यक्षांनी ती कमी केली आणि १९५६ साली तो सुटला. हे लिहून काढ म्हणून त्याच्या वकिलानंच त्याला भरीस घातलं. (हे वाचलं तेव्हा मला त्या वकिलाबद्दल फार आपुलकी वाटली. कैद्याला "लिही" म्हणणं हा आमच्या कामाचा भाग असतो असं मी मानते.) जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये जोव्हानी नाझींच्या बाजूच्या लोकांत होता, हे १९९३ साली स्विस वर्तमानपत्रांनी उघड केलं. म्हणजे कोठडीत मित्रासाठी प्राण पणाला लावणारा हा माणूस बाहेर दुसऱ्यांच्या जिवावर उठलेला होता. या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात. मी त्या रोज बघते. माझ्या समोर बसून मित्राच्या मुलीच्या शाळेच्या फीची काळजी करणारा माणूस ज्याच्या खुनाच्या आरोपात आत आहे त्यालाही मुलगी असते, आणि तीही मला कोर्टात दिसते. तुमच्या चौघांना निरपराध ठरवून प्रेक्षकाची माया मिळवू नका. ती स्वस्त पडते.

आता गास्पार.

सिनेमा सुरू होतो तेव्हा गास्पार तुरुंगाच्या संचालकासमोर उभा असतो. जवळ बाळगायला मनाई असलेला एक लायटर त्याच्याकडे सापडलाय. संचालक त्याच्याशी सभ्यपणानं बोलतो. शेवटाकडे, सगळी तयारी झाल्यावर, पळायच्या आदल्या टप्प्यावर, तोच संचालक त्याला पुन्हा बोलावतो आणि तितक्याच सभ्यपणानं सांगतो, की तुझ्या बायकोनं तक्रार मागे घेतलीये. दोन तास तो खोलीबाहेर असतो. त्या दोन तासांतलं सगळं आपल्याला दाखवलेलं नाही. परत आल्यावर साथीदार विचारतात, एवढा वेळ काय करत होतास? तो समजावतो. त्यांना पटतं, किंवा पटवून घ्यावं लागतं. त्या रात्री निघायच्या वेळी टूथब्रशचा आरसा दारातून बाहेर जातो, आणि त्या एवढ्याशा तुकड्यात अख्खी गल्ली पहारेकऱ्यांनी भरलेली दिसते.

त्यानं संचालकाला सांगितलं का? माझ्या मते सांगितलं. पण तुम्ही "विकलं" हा शब्द वापरलात, तो मला पटत नाही. विकणाऱ्याला किंमत ठाऊक असते. या माणसाला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही, काही देऊ केलं नाही. त्याच्या एकट्यासाठी एक दार किलकिलं झालं, एवढंच. चौघांची आशा जमिनीखालून जात होती, त्याची आता वरच्या फाटकातून जाऊ लागली. मार खाऊनही न फुटणारी माणसं मी बघितलीत. एकट्याला मिळालेल्या आशेपुढे टिकणारी फार थोडी बघितली. त्याच्यात आणि त्या चौघांत तेवढाच फरक पडला होता, आणि तेवढा पुरतो. (वकील म्हणून एक जोडते: आपल्याकडे खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात बायकोनं तक्रार मागे घेतली म्हणून केस आपोआप संपत नाही. गुन्हा तडजोडीचा नाही. कितीतरी कैदी अशा अर्ध्या बातमीवर महिनोन्‌महिने जगतात.)

माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. जबरी चोरीच्या एका केसमध्ये दोघं सहआरोपी होते, एक तिशीचा, एक विशीतला. नात्याचे नव्हते, पण बराकीत त्यांना थोरला-धाकटाच म्हणत. धाकट्याला वाचता येत नव्हतं. थोरला त्याला रोज रात्री दोषारोपपत्राचं एक पान वाचून दाखवायचा, साक्षीदारांची नावं त्याच्याकडून पाठ करून घ्यायचा. मी मुलाखतीला गेले की धाकटा स्वतःची तारीख सांगायच्या आधी थोरल्याची तारीख सांगायचा. पुढे धाकट्याला जामीन मिळाला, कारण ओळख परेडमध्ये फिर्यादीनं त्याला ओळखलं नव्हतं. थोरल्याला ओळखलं होतं, म्हणून त्याचा अर्ज फेटाळला. मी आत जाऊन सांगितलं. धाकटा हसला नाही. जाळीला तोंड लावून म्हणाला, "त्याला कोण सांगणार, मॅडम? तुम्हीच सांगा ना."

मी सांगितलं. थोरला "बरं झालं" म्हणाला. पण जामीनदार मिळत नव्हता, म्हणून आदेश झाल्यावरही धाकटा एकोणीस दिवस आतच होता. जामीन झालेला आणि न झालेला, एकाच बराकीत, एकाच पट्टीवर झोपत. त्या एकोणीस दिवसांत पानं वाचून दाखवणं बंद झालं. पुढच्या भेटीत थोरल्यानं मला विचारलं, "मॅडम, खरं सांगा. त्यानं काही लिहून दिलंय का?" मी आदेशाची प्रत जाळीच्या फटीतून आत सरकवली. ओळख परेडचा परिच्छेद त्यानं तीनदा वाचला. "कागद बरोबर आहे," एवढंच म्हणाला. माझ्यावर त्याचा विश्वास होता, कागदावरही होता. पण ज्याच्याबद्दल विचारत होता त्याच्या डोळ्यात बघून विचारायची सोय आता उरली नव्हती. विचारलं असतं तर दोस्ती मोडली असती आणि न विचारून ती कुजत होती.

धाकटा सुटला त्या दिवशी संध्याकाळी कोर्टाच्या आवारात मला भेटला. पायांत दोन नंबर मोठ्या चपला होत्या. त्याच्या तुटल्या होत्या, म्हणून थोरल्यानं निघताना स्वतःच्या दिल्या होत्या. बोलला काहीच नाही म्हणे, नुसत्या पुढे सरकवल्या. त्यानंतर चार महिने धाकट्यानं त्याच्या नावावर मनीऑर्डर केली. पाचव्या महिन्यापासून थांबली. थोरला पुढे निर्दोष सुटला. सुटल्यावर त्यानं माझ्याकडे धाकट्याचा नंबर मागितला. माझ्याकडे होता तो लागत नव्हता.

ही मैत्री होती की नव्हती, मला विचाराल तर मी त्या चपला दाखवीन.

आणखी एक कायद्याची गोष्ट, जी तुम्हाला शेवट लिहिताना उपयोगी पडेल. आपल्याकडे सहआरोपींपैकी एखाद्याला माफी देऊन सरकारी पक्षाचा साक्षीदार करता येतं, माफीचा साक्षीदार. लोकांना वाटतं तो लगेच घरी जातो. तसं नाही. तो आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवायचं असा कायदा आहे. फक्त जागा बदलते, कारण जुन्या साथीदारांत त्याला ठेवणं धोक्याचं. म्हणजे दोस्त गेले आणि तुरुंग तसाच. 'ल त्रू'च्या शेवटी नेमकं हेच होतं. चौघांना गल्लीत भिंतीकडे तोंड करून उभं करतात, आणि गास्पारला दुसऱ्या कोठडीकडे नेतात. जाताना तो रोलाँजवळून जातो. ज्यानं प्रत्येक किल्ली घडवली, प्रत्येक कुलूप उघडलं, तो रोलाँ त्याच्याकडे बघून इतकंच म्हणतो, "बिचारा गास्पार." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो टोमणा वाटला होता. आता वाटत नाही. रोलाँला खरोखर कीव आलेली आहे. त्याच्याजवळ अजून तिघं आहेत. गास्पारजवळ कोणी नाही.

तुमच्या एकांकिकेबद्दल. पाठवलेली पानं वाचली. पहिल्या सात पानांत चौघं एकमेकांना आपापली कहाणी सांगतात. आत कोणी असं सांगत नाही. केस काय, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलेलंच असतं, आणि बाकीचं माणूस वर्षानुवर्षं सांगत नाही. ती पानं काढा आणि चौघांना एक काम द्या. पळून जायचंच काम हवं असं नाही. एकाला उद्या कोर्टात नेणार आहेत आणि त्याच्याकडे धड शर्ट नाही. रात्रीतून चौघांनी मिळून शर्ट उभा करायचा. कुणाची बटणं, कुणाचा दोरा, सुई कुठून आणायची, वॉर्डर फेरीला आला की काय लपवायचं. प्रेक्षकाला दोस्ती त्यात दिसेल. तुमच्या दिग्दर्शकाला रंगमंचावर चार मिनिटांची शांतता परवडणार नाही असं वाटत असेल, तर त्याला तो काँक्रीटचा प्रसंग पुन्हा दाखवा. ती शांतता नाहीये, ठोकण्याचा आवाज आहे. तुमच्याकडेही शिवण्याचा, थुंकीनं दोरा ओवायचा, भांड्यांचा, दूर कुठेतरी गेट लागल्याचा आवाज आहे.

तुमचा चौथा, खबऱ्या, फार लवकर कळतो. तो पहिल्या प्रवेशापासून अंग चोरून वागतो. तसं करू नका. तो मनापासून त्यांच्यातला असू द्या, निदान त्याला जामीन मिळण्याची कुणकुण लागेपर्यंत. सिनेमात गास्पार आणि मनू गटाराच्या टोकाला पोचून रस्त्यावरचं झाकण वर करतात, पहाटेचा रस्ता बघतात, एक टॅक्सी जाताना बघतात. तिथूनच पळून जाता आलं असतं. पण बाकीचे आत आहेत म्हणून दोघं परत फिरतात. दोघंही, गास्पारसुद्धा. त्या क्षणी तो खोटा नव्हता. तो क्षण खरा आहे म्हणूनच पुढचं बघवत नाही.

आणि त्या पाचांतला जेओ. त्याच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. सगळं ठरल्यावर तो सांगून टाकतो, की मी येणार नाही. घरी आई आजारी आहे, मी पळालो तर पोलीस तिच्या दारात जातील आणि तिला ते झेपणार नाही. बाकीचे त्याच्यावर चिडत नाहीत, संशयही घेत नाहीत. तो त्यानंतरही काम करत राहतो. त्याला त्या भोकातून कुठेच जायचं नाहीये. पुढे पहारेकरी आत घुसतात तेव्हा तोही बाकीच्यांसारखाच, अंगावरचे कपडे उतरवलेला, भिंतीकडे तोंड करून उभा असतो. तुमच्या चौघांत असा कोणी आहे का, ते आधी बघा. नसेल तर तुमच्या दुसऱ्या पात्राला, त्या गप्प सुताराला, तिथे उभं करून पाहा. त्याच्या तोंडी संवाद वाढवू नका, सुई-दोरा त्याच्याकडे द्या.